तिसरी ‘ब’चं मिठागर

जेवायला बसलं की मला गोष्टी सुचतात. भाताचं आळं करायचं, त्यात आमटी ओतायची आणि सुरुवात करायची, ही माझी पद्धत. धंद्याने मी नळ, बेसिन आणि कमोड विकतो. पनवेलच्या आजूबाजूला रोज नवी इमारत उभी राहते, त्यामुळे दुकान बरं चालतं. पण कमोडवर गोष्ट रचता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे. म्हणून घरी आलो की मी आजोबांच्या मिठागराकडे वळतो.

आजोबांचं मिठागर होतं, हे खरं आहे. ते होतं तिथे आता विमानतळाचं कुंपण आहे, हेही खरं आहे. या दोन खऱ्या गोष्टींच्या मधे मी जे काही सांगतो त्याची मात्र मी हमी देत नाही. आजोबा करंगळी पाण्यात बुडवून जिभेला लावायचे आणि मीठ कधी धरेल ते सांगायचे. त्यांच्या मिठाचा ढीग इतका पांढरा असायचा की शेजारच्या मिठागरातली माणसं दुपारी डोळ्यांवर फडकं बांधून काम करायची.

“दादा, मागच्या वर्षी हा ढीग घराएवढा होता,” माझा धाकटा भाऊ म्हणतो. तो कंटेनर यार्डात हिशेब बघतो, म्हणून त्याला आकडे लक्षात राहतात. “आता देवळाएवढा झालाय.”

“तिखटमीठ लावून सांगतात दादा,” भावजय म्हणते. “त्यातलं मीठ तरी आपल्या घरचं.”

आई काही म्हणत नाही. ती माझ्या बाजूची आहे असं मी समजतो. तिला ऐकू थोडं कमी येतं, हे त्यामागचं कारण असू शकेल. मी लग्न केलं नाही. ते का, ही वेगळी गोष्ट आहे, आणि दर वेळी वेगळी असते. तेव्हा माझा हक्काचा श्रोता एकच: माझी पुतणी, इयत्ता तिसरी ‘ब’. ती तोंडातला घास चावायचा विसरून ऐकते, आणि ऐकलेलं दुसऱ्या दिवशी वर्गात सांगते. या दुसऱ्या भागाची मला कल्पना नव्हती.

जानेवारी संपता संपता एका संध्याकाळी ती शाळेतून आली आणि दप्तर न काढताच म्हणाली, “काका, टीचरनी तुला बोलावलंय. तू वर्गात मीठ करून दाखवणार आहेस.”

तिच्या शाळेत शुक्रवारी शेवटचा तास ‘करून बघू’ नावाचा असतो. पुस्तकं दप्तरात, हात बाहेर. मुलांच्या घरातल्या कोणीतरी येऊन आपल्या घरचं काम दाखवायचं आणि मुलांनी ते स्वतः करायचं. एका आईने रव्याचे लाडू वळून घेतले होते. त्यात भागाकार शिकवला म्हणतात, पण लाडू संपल्यामुळे बाकी शून्य आली. पुतणीच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या अब्बांचं बाजारात घड्याळांचं दुकान आहे. त्यांनी एक जुनं गजराचं घड्याळ आणून मुलांकडून अख्खं खोलून घेतलं आणि पुन्हा जोडून घेतलं. शेवटी दोन स्क्रू उरले, तरी घड्याळ चाललं. तेव्हापासून त्या मैत्रिणीचा वर्गात फार मान होता.

आणि तिनेच माझ्या पुतणीला म्हटलं होतं, “मीठ तर थैलीतून येतं. तुझे काका फेकतात.”

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“मी म्हटलं, माझा काका फेकत नाही. ती म्हणाली, कसम? मी म्हटलं, कसम. मीठ नाही आलं, तर मी वर्गात आमच्या घरची गोष्ट पुन्हा कधीच सांगणार नाही.”

एवढं बोलून ती हात धुवायला गेली. मी सोफ्यावर बसलो. मी उभ्या आयुष्यात एकदाच मिठागरात गेलो होतो, तेही पाच-सहा वर्षांचा असताना. माझी एक चप्पल चिखलात रुतली, मी रडलो आणि कोणीतरी मला काखोटीला मारून घरी आणून सोडलं. मिठाच्या व्यवसायाशी माझा प्रत्यक्ष संबंध एवढाच.

मी आईकडे गेलो. आजोबा तिचे वडील, म्हणजे तिचं माहेरच मिठागरवाल्यांचं. मी जरा मोठ्याने विचारलं, मीठ नेमकं कसं करतात?

“मना नाय ठावं,” आई म्हणाली.

“अगं, तू जायचीस ना मिठागरावर?”

“पाय मारायला जायची. तलाची माती पायानी तुडवून घट्ट करायची, मंग पानी मुरत नाय. ती झाली की आमी घरी. मीठ पिकायच्या येलेला मी कुटं होती? तवर माजं लगीन झालं.”

“मग मीठ कोण पिकवायचं?”

“ऊन,” आई म्हणाली, आणि पुन्हा मटार सोलायला लागली.

भावाने मोबाइलवर व्हिडिओ शोधला. त्यात एक परदेशी माणूस समुद्राचं पाणी गॅसवर तासन्‌तास आटवत होता. भावजयीने मागून बघितलं आणि “माझ्या गॅसवर नाही,” एवढंच म्हणाली. मीठवाल्या घराण्याचं एकत्रित ज्ञान तिथे संपलं.

पाणी मात्र खरं आणायचं, असं मी ठरवलं. आपली खाडी जवळ आहे, पण तिच्यात शहर काय काय सोडतं ते नळाच्या धंद्यातल्या माणसाला तरी सांगायला नको. म्हणून रविवारी पुतणीला मागे बसवून स्कूटरवरून करंज्याला, समुद्रावरच्या बंदरात गेलो. उलव्याच्या बाजूने डंपरांच्या मागे धूळ खात खात पोहोचेपर्यंत आम्ही दोघंही पिठात घोळवलेल्या बोंबलासारखे दिसत होतो.

बंदराच्या अलीकडे एक मावशी सुकी मासळी मांडून बसली होती. माझ्या हातातली लोणच्याची रिकामी बरणी बघून तिने विचारलं, “लोनचं इकतो काय?”

“नाही, पाणी न्यायला आलोय.”

“पानी? पनवेलला नलाला पानी नाय काय?”

मी नळ विकणारा माणूस. हा टोला मला जरा जास्तच लागला. पुतणीने तिला समजावून सांगितलं की शाळेत मीठ करायचं आहे.

“मंग मीठ दुकानान नाय मिलत?” मावशीने विचारलं. तिला आणि त्या घड्याळवाल्यांच्या मुलीला एका बाकावर बसवायला हवं होतं. पण ती भली बाई. “होड्यांजवलचं नको घेऊ, त्यावर डिझेल असतं,” ती म्हणाली. “भरती लागलीय, तिकडं टोकाला जा.” आणि माझ्या गळ्यात अर्धा किलो सुके बोंबील मारले.

टोकाला जाऊन मी बरणी भरली. पुतणीने आपल्या शाळेच्या बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं आणि तीही समुद्राच्या पाण्याने भरून घेतली. “ही माझी,” ती म्हणाली. मी म्हटलं, असू दे.

बरणी गॅलरीत ठेवली. बरणी पांढऱ्या प्लास्टिकची, आतलं काही दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्याची माणसाला काळजी वाटते. सोमवारी मी झाकण उघडून बोट बुडवून चाखलं. खारट होतं. मंगळवारी चाखलं, तेव्हा तितकं खारट वाटलं नाही. गुरुवार संध्याकाळपर्यंत मला ते पाणी चक्क गोड लागायला लागलं. डोळ्यांसमोर तिसरी ‘ब’ दिसत होती, रिकामं ताट दिसत होतं, आणि ‘पुन्हा कधीच सांगणार नाही’ हे वाक्य ऐकू येत होतं. मी विचार केला, दह्याला विरजण लागतं. मग मिठाला थोडं मीठ लागत असेल तर त्यात चूक काय? स्वयंपाकघरात कोणी नाही असं बघून मी डब्यात उरलेलं दोन मुठी मीठ घेतलं आणि बरणीत सोडलं. विरजण म्हणून.

शुक्रवारी सकाळी भावजयीने पोहे वाढले आणि म्हणाली, “मीठ संपलंय.”

डबा मी रिकामा केला होता, पण मिठाची नवी पिशवी कालच आणलेली होती. आश्चर्य म्हणजे कोणीच ‘कसं काय’ असं विचारलं नाही. भावाने पेपर वर धरला. आईने दोनदा पाणी मागितलं. सगळ्यांनी अळणी पोहे मुकाट्याने खाल्ले.

दुपारी मी बरणी घेऊन वर्गात उभा राहिलो. बाक भिंतीला लावून मुलं खाली बसली होती. टीचर वयाने माझ्या निम्म्या असतील. त्यांनी माझी ओळख ‘मीठ पिकवणाऱ्या घरातले काका’ अशी करून दिली, आणि पुतणीने मान अशी वर केली की मला बरणी खिडकीतून टाकून पळून जावंसं वाटलं.

मला जे एकच खरं ठाऊक होतं ते मी करून दाखवलं: आईकडून शिकलेलं पाय मारणं. मी म्हटलं, मीठ पाण्यात असतं, पण आधी जमीन घट्ट करावी लागते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, कमरेवर हात ठेवले, एक पाऊल घट्ट दाबायचं, टाच फिरवायची, मग दुसरं. मुलांना वाट कुठे बघायची होती? सगळा वर्ग उठला आणि पाय मारायला लागला. आमच्याखाली पहिलीचा वर्ग होता. थोड्या वेळाने दारात मुख्याध्यापिका आल्या.

“वरती काय पाडताय?”

“मिठागर बांधतोय,” घड्याळवाल्यांची मुलगी पाय न थांबवता म्हणाली.

तो तास तिथेच संपला असता तर मी आजही त्या वर्गात वंदनीय असतो. पण टीचरनी दोन पराती मांडल्या. एकीत मुलांनी नळाचं पाणी ओतलं. “आणि या परातीत करंज्याचं,” त्या म्हणाल्या. “दोन्ही गच्चीवर उन्हात ठेवू आणि रोज बघू, कशात काय उरतं.”

मी बरणी तिरकी केली. पाणी आलं, स्वच्छ, थोडं जड. मुलं वाकून बघत होती. मी बरणी पूर्ण उपडी केली, तेव्हा आत काहीतरी सरकलं, आणि ओल्या मिठाचा एक पांढराशुभ्र गोळा थपकन परातीत येऊन बसला. त्याला बरणीच्या बुडाचा आकार आला होता.

पुढची मुलं आणखी जवळ सरकली.

“टीचर, मीठ आलं,” घड्याळवाल्यांची मुलगी म्हणाली.

“उन्हात न ठेवताच,” मागून कोणीतरी म्हणालं.

घड्याळवाल्यांच्या मुलीने बोट लावून चाखलं. घाई केली नाही. ज्या घरात घड्याळं दुरुस्त होतात, तिथे घाई नसते. “हे थैलीतलं आहे,” ती म्हणाली.

टीचर हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी फक्त फळ्याकडे तोंड केलं आणि त्यांचे खांदे हलत राहिले. मी म्हणालो, “मी दोनच मुठी टाकल्या होत्या.” आयुष्यात पहिल्यांदा मी काही न वाढवता सांगत होतो, आणि पोरं इतकी हसली की मुख्याध्यापिका पुन्हा वर आल्या.

पुतणी हसत नव्हती. ती परातीकडेही बघत नव्हती, माझ्याकडेही नाही.

स्कूटरवर ती एरवी माझ्या शर्टाला धरून बसते आणि घरापर्यंत बोलत असते. त्या दिवशी तिने मागची दांडी धरली होती. रात्री जेवायला बसलो. मी सवयीने भाताचं आळं केलं.

“आज गोष्ट नको,” ती म्हणाली. “उद्यापण नको. मी पण वर्गात काही सांगणार नाही. माझी कसम होती.”

मी आमटी ओतली नाही. म्हटलं, “चूक माझी आहे. मी दोन मुठी मीठ टाकलं बरणीत.”

भावाचा हात थांबला. “दोनच?”

“दोनच.”

“मग ही सांगते तेवढा गोळा कसा आला?” तो हिशेबनीस माणूस, मुद्द्यावर येणारच. आला, आणि मग कानापर्यंत लाल झाला. “मी पिशवी उपडी केली होती,” तो म्हणाला. “अर्धीच. व्हिडिओतल्या माणसाचं पाणी जास्त दाट दिसत होतं.”

“आणि उरलेली अर्धी मी,” भावजय म्हणाली. “पोरगी झोपेत मीठ मीठ करत होती. मला बघवेना.”

आम्ही तिघांनी आईकडे बघितलं.

“मना काय बघता?” आई म्हणाली. या वेळी तिला सगळं नीट ऐकू आलं होतं. “मी पापडाचं जाडं मीठ टाकलं. ता तुमच्या मिठात मोजत नाय.”

पुतणी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. मला वाटलं आता हसेल. पण तिने विचारलं, “म्हणजे कोणालाच वाटलं नाही की ते आपोआप येईल?”

मिठाच्या जिवावर तीन पिढ्या जेवलेलं घर, आणि त्यातल्या एकाचाही पाण्यावर विश्वास नव्हता. शेवटी मी खरं तेच सांगितलं. “आपल्यातल्या कोणी ते येताना बघितलेलंच नाही.”

ती उठून आपल्या टेबलाखालून शाळेची बाटली घेऊन आली आणि ताटांच्या मधोमध ठेवली. करंज्याला भरलेली. मी ती पार विसरलो होतो.

“यात कोणी काय टाकलंय?”

आम्ही चौघांनी माना हलवल्या. तिने माझ्या आईला दोनदा विचारलं. मग बाटली उचलली आणि उशाशी घेऊन झोपली.

पुढची हकीकत मला ऐकीव आहे, कारण आमच्या घरातल्या माणसांना शाळेच्या गच्चीवर मनाई झाली होती. ती मनाई टीचरनी केलेली नव्हती. घड्याळवाल्यांच्या मुलीने केली होती. सोमवारी पुतणीने तिच्यासमोर बाटलीतलं पाणी धुतलेल्या परातीत ओतलं. “आता तुझ्या घरचं कोणी वर येणार नाही,” मैत्रीण म्हणाली, आणि मधल्या सुट्टीत स्वतः पहाऱ्याला बसली. डबाही तिथेच खाल्ला. परातीवर कावळा बसायला लागला की दोघी मिळून पट्टीने त्याला हुसकायच्या. वारा सुटला की परातीभोवती अख्खा वर्ग गोल करून उभा राहायचा, आणि मग ऊन अडतं म्हणून टीचर त्यांना बाजूला करायच्या.

रोज संध्याकाळी आम्ही चौघं दाराकडे कान लावून असायचो. “पाणी कमी झालं,” ती सांगायची. “अजून कमी झालं.” मग एकदा, “कडेला काहीतरी आलंय. पांढरं नाहीये.”

“पांढरं नाही?” मी विचारलं. आजोबांचा ढीग देवळाएवढा मीच केला होता आणि पांढराही मीच केला होता.

“राखाडी आहे. खोटं मीठ पांढरं होतं,” ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी टीचरनी आम्हाला बोलावलं. सगळ्यांना. आईने ठेवणीतली साडी नेसली. आम्ही वर्गात मागे भिंतीला लागून उभे राहिलो, आणि घड्याळवाल्यांच्या मुलीने आम्हाला हात पुढे करायला लावून तळवे तपासले.

दोन्ही पराती मधे ठेवल्या होत्या. नळाच्या पाण्याच्या परातीत एक फिकट डाग होता. आणि आमच्या परातीत, कडेकडेने आणि बुडाला, मळकट, खरखरीत खडे. टीचरनी ते चमच्याने खरवडले. सगळं मिळून चमच्यावर एक छोटी टेकडी झाली. मी दुकानात याहून जास्त धूळ रोज झाडून काढतो. पण तो चमचा वर्गातून फिरत असताना प्रत्येक जण तो दोन्ही हातांनी धरत होता.

घड्याळवाल्यांच्या मुलीने घरून पेरू कापून आणला होता. तिने एका फोडीवर दोन खडे ठेवले आणि तोंडात टाकले. पुतणी तिच्या जबड्याकडे बघत होती, आणि आम्ही पुतणीकडे.

“कचकच लागतं,” मैत्रीण म्हणाली. चावत राहिली. “खारट आहे पण.” आणखी चावली. “हे थैलीतलं नाही.”

माझ्या शेजारी आई हळूच एक पाऊल दाबून टाच फिरवत होती. मी तिचा हात धरला.

“आता सांग,” मैत्रीण पुतणीला म्हणाली.

“काय?”

“तुझ्या घरची गोष्ट. मीठ आलं ना.”

पुतणी फळ्याजवळ जाऊन उभी राहिली. मला वाटलं ती करंज्यापासून सुरू करेल. तिने बरणीपासून सुरू केलं. गॅलरीत एक बरणी होती, आणि घरातली चार मोठी माणसं एकमेकांना चुकवून एकेक करून तिच्याकडे यायची. काका आधी बोट बुडवून चाखायचे, मग डावीकडे बघायचे, मग उजवीकडे. तिने ते करून दाखवलं. ते मी होतो यात शंका नव्हती. बाबा पिशवी घेऊन रांगत आले. मम्मी रडत रडत आली. आजी सगळ्यांत शेवटी आली, तिच्या डोक्यावर जाड्या मिठाची टोपली होती.

“टोपली कवा होती?” आई कुजबुजली. “वाटी होती.”

“ढीग वाढला,” भाऊ माझ्या कानात म्हणाला.

वर्ग गडबडा लोळत होता. टीचरनी या वेळी फळ्याकडे तोंड केलं नाही, त्या उघड हसत होत्या. पुतणी थांबली, दम घेतला. पुढच्या रांगेतून घड्याळवाल्यांची मुलगी पेरू चघळत म्हणाली, “फिर? मग काय झालं?”

पुतणीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“मग ऐक,” ती म्हणाली. “माझे पणजोबा होते ना, त्यांना पाणी चाखावंही लागायचं नाही. ते नुसते खाडीच्या काठावर उभे राहायचे, आणि पाणीच त्यांना सांगायचं…”

मी भिंतीला टेकून ऐकत राहिलो. माझ्या आजोबांबद्दल त्यातलं बरंच मला नव्यानेच कळत होतं.